‘येथील सर्व कुशल’ : युद्धभूमीवरील पत्रे आणि सत्याचे ऋण

विल्फ्रेड ओवेन या इंग्रज कवीने पहिल्या महायुद्धात आघाडीवरून आपल्या आईला लिहिलेली दोन पत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर नीतिविचारातील एक जुना प्रश्न नव्या कोनातून समोर येतो. पहिले पत्र १६ जानेवारी १९१७ चे आहे. दोन फौजांमधल्या निर्मनुष्य पट्ट्यात, पाणी साचलेल्या एका भुयारवजा खंदकात, पंचवीस माणसांसह पन्नास तास काढून ओवेन नुकताच परतला होता. गेल्या चार दिवसांविषयी आईला फसवण्याचे आपल्यापाशी काही कारण नाही, असे सांगून तो भोगलेले सारे लिहून टाकतो. दुसरे पत्र ३१ ऑक्टोबर १९१८ चे, म्हणजे त्याचे अखेरचे. ओर्स गावाजवळच्या एका वनरक्षकाच्या घराच्या तळघरात, धुराने डोळे चुरचुरत असताना, सोबत्यांच्या थट्टामस्करीत लिहिलेले. इथे खाली धोका नाही, आणि असलाच तर या ओळी तिच्या वाचनात येईपर्यंत तो सरलेला असेल, असे त्यात त्याने आईला कळवले आहे. ४ नोव्हेंबरला सांब्र-वाझ कालवा ओलांडताना तो मारला गेला. वयाची सव्वीस वर्षेही पुरी झाली नव्हती. मृत्यूची तार श्रूजबरीला त्याच्या घरी पोहोचली ती ११ नोव्हेंबरला, युद्ध संपल्याच्या घंटा गावात वाजत असताना.

पहिल्या पत्रात ओवेन खरे बोलला आणि दुसऱ्यात खोटे, असा निवाडा देणे सोपे आहे. पण दुसऱ्या पत्रातील ते वाक्य पुन्हा वाचावे. धोका असलाच तर तो तिच्या वाचनाआधी सरलेला असेल, हे विधान अक्षरशः खरे ठरले. चार दिवसांनी धोका सरला. फक्त तो कसा सरेल हे वाक्याने सांगितले नव्हते. द्रोणपर्वातील धर्मराजाच्या त्या प्रसिद्ध उद्गाराशी या वाक्याचे नाते आहे. तिथेही प्रत्येक शब्द खरा होता, आणि तरीही महाभारतकारांनी धर्मराजाचा रथ चार अंगुळे खाली आणला. ओवेनचा रथ आपण खाली आणणार आहोत काय? आणणार नसू, तर कोणत्या न्यायाने?

प्रश्न एका कवीपुरता नाही. युद्धकाळातील पत्रांचे फार मोठे प्रमाण खुशालीच्या पत्रांचे असते. अन्न चांगले मिळते, गरम कपडे मिळाले, साहेब मायाळू आहे, काळजी करू नये. अभ्यासकाची नजर या ओळींवरून घसरत जाते आणि जिथे चिखल, प्रेते, उवा, विषारी वायू यांचा उल्लेख येतो तिथे थांबते. जणू पहिला भाग आवरण आणि दुसरा भाग आशय. ही वाचनाची सवय मला संशयास्पद वाटते.

खुशालीचे वाक्य हे विधान आहे काय, इथून सुरुवात करावी लागेल. जुन्या मराठी पत्रलेखनात मायना झाला की इकडचे कुशल जाणून आपले कुशल लिहीत जावे अशा अर्थाचे एक ठरीव वाक्य येई, आणि मग ‘विशेष’ हा शब्द. खरी हकीकत त्या ‘विशेष’नंतर सुरू होई. म्हणजे कुशल हा मजकुराचा भाग नव्हताच. तो उंबरठा होता. घरात आजारपण असले, कर्ज असले, तरी तो उंबरठा ओलांडूनच मजकुरात शिरावे लागे, आणि कोणी त्याला खोटेपणा म्हणत नसे. ज्याला कुशल लिहिणे अशक्यच होते, त्या पत्राचे रूपच निराळे असे: मृत्यूची वार्ता आणणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे, आणि वाचून झाल्यावर ते कार्ड घरात ठेवत नसत. भाषा सुरू होण्याआधी कागदच बोलत असे. जे. एल. ऑस्टिन यांच्या परिभाषेत मांडायचे तर ‘कुशल आहे’ हे वस्तुस्थितीचे वर्णन करणारे वाक्य नसून एक कृती करणारे वाक्य आहे. ते नाते चालू असल्याची ग्वाही देते. हे लिहिण्याइतका मी जिवंत आहे आणि लिहिण्याइतकी तुमची आठवण आहे, एवढाच त्याचा दावा. त्याला खरे-खोटेपणाची फूटपट्टी लावणे म्हणजे नमस्काराला खरा की खोटा असे विचारणे.

हे उत्तर नीटस आहे; पण पुरे पडत नाही. ब्रिटिश सैन्याने पहिल्या महायुद्धात सैनिकांना एक छापील कार्ड दिले होते. त्यावर काही वाक्ये आधीच छापलेली असत: मी ठीक आहे, मला इस्पितळात दाखल केले आहे, तुमचे पत्र मिळाले, आणि अशीच आणखी काही. नको असलेली वाक्ये खोडायची, खाली सही आणि तारीख घालायची. याखेरीज एक शब्दही लिहिला तर कार्ड नष्ट केले जाईल, अशी ताकीद त्यावरच छापलेली होती. पॉल फसेल यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात या कार्डाचे मार्मिक विवेचन केले आहे. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. जखमी होऊन इस्पितळात पडलेल्या माणसासाठीही तिथे ‘प्रकृती सुधारत आहे’ या अर्थाचे वाक्य तयार होते. प्रकृती बिघडत असल्याचे वाक्य मात्र नव्हते. खुशालीचा जो उंबरठा परंपरेने समाजाने मिळून घडवला होता, तोच इथे शासनाने छापून दिला होता. मजकूर तोच. पण पहिल्या ठिकाणी उंबरठ्यापलीकडे घर होते. दुसऱ्या ठिकाणी त्यापलीकडे काहीच नव्हते. ‘विशेष’ या शब्दासाठी कार्डावर जागाच ठेवलेली नव्हती. रूढी आणि सक्ती यांच्यातला हा भेद ऑस्टिनच्या वर्गीकरणात मावत नाही. कृतिवाक्य यशस्वी होण्यासाठी बोलणारा मोकळा असावा लागतो. सही करणारा सैनिक मोकळा नव्हता.

ओवेन स्वतः अधिकारी होता आणि आपल्या हाताखालच्या शिपायांची पत्रे तपासणे हे अधिकाऱ्यांच्या नित्य कामांपैकी एक होते. त्याच्या ‘द लेटर’ या कवितेतला शिपाई बायकोला सारे ठीक असल्याचे लिहीत असतो, मध्येच सोबत्यांवर खेकसत असतो, आणि लिहिता लिहिताच मारला जातो. खुशालीचे पत्र कसे तयार होते हे ज्याने इतक्या जवळून पाहिले, त्यानेच शेवटी तसले पत्र आईला लिहिले. मायलेकांत एक संकेतही ठरलेला होता: पत्रात एक विशिष्ट शब्द आला की पुढच्या मजकुरातील ठरावीक अक्षरे जुळवून तो कुठे आहे ते ओळखायचे. म्हणजे त्यांच्यातल्या खुशालीखाली एक दुसरा मजकूर वाहत होता, आणि आईला वाचनाचे शिक्षण मिळालेले होते. ज्या वाचकाला वाक्याच्या मागे पाहता येते, त्याच्यापुढे अर्धसत्य बोलणे म्हणजे फसवणे नव्हे. ती एकमेकांची भीड राखणे असते. ओवेनचा रथ मी तरी खाली आणणार नाही.

ओवेनबाबत हे म्हणता येते, कारण पत्र लिहिणारा एक, वाचणारी एक, आणि दोघेही साक्षर. ही तिन्ही गृहीतके जिथे कोसळतात, तिथे खरी कसोटी लागते.

पहिल्या महायुद्धात १० लाखांहून अधिक भारतीय सैनिक आणि सेवक समुद्रापार गेले. त्यांपैकी सुमारे १ लाख ४० हजार फ्रान्स आणि बेल्जियमच्या आघाडीवर होते. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस लाहोर डिव्हिजन मार्सेय बंदरात उतरली, ऑक्टोबरात ईप्रच्या लढाईत होती, मार्च १९१५ मध्ये नव-शापेलला. या माणसांच्या टपालावर नजर ठेवण्यासाठी १९१४ च्या अखेरीपासून एक स्वतंत्र सेन्सॉर कचेरी चालवण्यात आली. तिचा प्रमुख हिंदुस्थानी मुलकी सेवेतील ई. बी. हॉवेल. गदर चळवळीचे साहित्य सैनिकांपर्यंत पोहोचू नये हा मूळ हेतू. पलटणीतला अधिकारी पत्र एकदा वाची, मग बूलोन्य येथील ही कचेरी पुन्हा वाची. दर आठवड्याला अहवाल तयार होई आणि त्याला निवडक पत्रांच्या उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर जोडले जाई. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये त्यांतील शेकडो पत्रे संपादून प्रसिद्ध केली. मूळ पत्रे, म्हणजे उर्दू, गुरुमुखी, हिंदी, पश्तू अशा भाषांत लिहिलेले ते कागद, जवळजवळ सर्वच नाहीसे झाले. उरले आहे ते सेन्सॉरने निवडलेले, सेन्सॉरच्या कचेरीने भाषांतरित केलेले.

यांतले बरेच सैनिक निरक्षर होते. पत्र सांगितले जाई, लिहिणारा दुसराच असे. गावी पोहोचल्यावर ते ज्याच्या नावाने आले त्यालाही बहुधा वाचता येत नसे. मग कोणीतरी ते मोठ्याने वाची. माझ्या लहानपणी आमच्या गावात पोस्टमन मनिऑर्डर देताना कुपनावरच्या दोन ओळी ओसरीवर उभा राहून वाचून दाखवी, आणि त्या ऐकायला शेजारचे चार जण आपोआप जमत. खासगी पत्र ही कल्पना त्या ओसरीवर कोणाला समजली नसती. अशा पत्राचा लेखक कोण आणि वाचक कोण? सांगणारा, लिहिणारा, पलटणीतला साहेब, कचेरीतला साहेब, गावचा वाचणारा आणि मग ऐकणारी मंडळी: आई, बायको, धाकटा भाऊ, चुलते, कधी सावकारही. एका वाक्याला इतक्या जणांपुढे एकाच वेळी उभे राहावे लागते.

वाक्ये मग वाकायला शिकतात. एका पत्रात काळी मिरी संपत आली असून आता तांबडी मिरची वापरात आहे, असे घरी कळवले आहे. काळी म्हणजे हिंदी फौज, तांबडी म्हणजे गोरी, हे घरच्यांनी ओळखायचे. सेन्सॉरनेही ते ओळखले, म्हणून तर ते आपल्यापर्यंत आले. मराठी वाचकाला इथे पानिपतचे ते सावकारी पत्र आठवल्यावाचून राहणार नाही. जानेवारी १७६१ मध्ये उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या वाटेत सापडलेल्या त्या पत्रात मोत्ये किती गळाली, मोहरा किती हरवल्या आणि रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही, असा हिशेब दिल्याचे परंपरेने सांगितले जाते. व्यापाराची भाषा, स्वयंपाकघराची भाषा, शेताची भाषा: संकटाची बातमी नेहमी सर्वांत साध्या कपड्यांत प्रवास करते. एका जखमी सैनिकाने हे युद्ध नसून जगाचा अंत असल्याचे आणि पूर्वजांविषयी महाभारतात जे ऐकले तसेच हे असल्याचे लिहिले. तिथे महाभारत हा अलंकार म्हणून आलेला नाही. गावातल्या ऐकणाऱ्याला एवढ्या मोठ्या संहाराचे दुसरे कुठलेच माप ठाऊक नव्हते, म्हणून तो ग्रंथ मापासारखा वापरला आहे.

हॉवेलच्या अहवालात एक शेरा आहे, तो साहित्याच्या अभ्यासकांनी अवश्य लक्षात ठेवावा. अनेक शिपाई पत्रांतून कवितेकडे वळू लागले आहेत, आणि हे आपल्याला मानसिक अस्वस्थतेचे काहीसे अशुभ लक्षण वाटते, असे त्याने १९१५ च्या सुरुवातीस नोंदले. या शेऱ्याला हसू येते. पण त्यात समीक्षा आहे. भाषा जिथे सरळ चालेनाशी होते, तिथे काहीतरी बिनसले आहे, हे या शासकीय वाचकाने नेमके हेरले होते. आपल्या विद्यापीठीय समीक्षेने शब्दांच्या अनेकार्थतेविषयी जे काही लिहिले, ते पगारी नोकराने अधिक निकडीने ओळखले. कारण त्याच्या वाचनावर फौजेची शिस्त अवलंबून होती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सत्याच्या प्रश्नावर दोन दृष्टान्त नेहमी दिले जातात. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक ब्राह्मणाची कथा सांगतो: सत्याचे व्रत घेतलेल्या कौशिकाने दरोडेखोरांना, जीव वाचवून रानात लपलेली माणसे कुठे आहेत ते खरे सांगितले, माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. इमान्युएल कान्टने १७९७ साली बेंजामिन कॉन्स्तांला उत्तर देताना जवळजवळ हाच प्रसंग घेतला आणि नेमका उलटा निर्णय दिला: दाराशी आलेल्या मारेकऱ्यालाही खोटे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. भारतीय आणि पाश्चात्त्य नीतिविचारांची तुलना करताना या दोन प्रसंगांची जोडी फार उपयोगी पडते, आणि बहुतेक तुलना तिथेच थांबतात.

पण दोन्ही दृष्टान्तांत विचारणारा दुष्ट आहे आणि तो एकटा आहे. युद्धपत्रात विचारणारी आई आहे. तिला सत्य सांगितल्याने कोणी मरणार नाही. तिच्या मनाला यातना होतील, एवढेच. शिवाय आईपर्यंत पोहोचण्याआधी तेच उत्तर दरोडेखोराच्या हातून जाणार आहे. कौशिकापुढे दरोडेखोर आणि आई एकाच वेळी उभी असती, आणि दोघांना एकाच वाक्यात उत्तर द्यायचे असते, तर त्याने काय केले असते? मिरचीचे वाक्य हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. सत्य सर्वांना समान देणे लागत नाही. ज्याला ते देणे लागते त्यालाच ते उलगडेल अशा रीतीने बोलणे हे खोटेपणाहून निराळे असते. इथपर्यंत मला अडचण वाटत नाही.

अडचण धाकट्या भावापाशी येते.

ओसरीवर पत्र ऐकणाऱ्यांत आईबरोबर तोही आहे. ‘अन्न चांगले, कपडे चांगले, इस्पितळ तर राजवाड्यात’ हे वाक्य आईसाठी सांत्वन आहे आणि भावासाठी बोलावणे आहे. आणि इस्पितळ खरोखरच राजवाड्यात होते: ब्रायटनचा रॉयल पॅव्हिलियन जखमी हिंदी सैनिकांसाठी रुग्णालय करण्यात आला होता, हिंदूंचे आणि मुसलमानांचे स्वयंपाक वेगळे, पाण्याचे नळ वेगळे, जानेवारी १९१५ मध्ये खुद्द राजा भेटीला आलेला. तिथून लिहिलेल्या पत्रांत स्वर्गाची उपमा पुनःपुन्हा येते. ती खोटी आहे असे म्हणवत नाही. खंदकातून उचलून रंगवलेल्या घुमटाखाली आणून ठेवलेल्या माणसाला तो स्वर्गच वाटला असेल. पण त्याच पॅव्हिलियनची माहिती देणारी सचित्र पुस्तिका १९१५ मध्ये इंग्रजीबरोबर उर्दू आणि गुरुमुखीतही छापली गेली. ती कोणाच्या डोळ्यांसमोर ठेवून छापली, हे त्या लिप्यांवरूनच कळते. शासनाला जे सांगायचे होते आणि मुलाला आईला जे सांगायचे होते, ते शब्दशः एकच झाले. खुशालीचे पत्र आणि भरतीचे पत्रक यांत फरक उरला नाही.

सैनिकांना याची जाणीव होती, हे या पत्रसंग्रहातले सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य आहे. भावाला भरती होऊ देऊ नका, असे सुचवणारी पत्रे अहवालात वारंवार आढळतात. एका पत्रात तर या लढाईला येऊ नका ही विनवणी देवाची आण घालून तीनदा केलेली आहे, आणि ती भावापर्यंत पोहोचवा असेही सांगितले आहे. इथे खुशाली बाजूला ठेवली जाते, संकेतही बाजूला ठेवला जातो, सेन्सॉर वाचणार हे ठाऊक असूनही. ज्याने हे लिहिले त्याच्या पुढ्यात हिशेब स्पष्ट होता: आईची झोप की भावाचा जीव. त्याने दुसरे निवडले. उलट बाजूची पत्रेही आहेत, हे सांगितले पाहिजे. भावांनी यावे, घराण्याची इज्जत वाढेल, पगार आणि जमीन मिळेल, असे लिहिणारे सैनिक थोडे नव्हते, आणि ते सारे सेन्सॉरला खूश करण्यासाठी लिहीत होते असे मानणे म्हणजे त्यांच्या बुद्धीचा अपमान आहे. इज्जत हे त्यांच्यासाठी पोकळ शब्द नव्हते. आपल्या साम्राज्यविरोधी वाचनाला हे गैरसोयीचे असले तरी.

तेव्हा खुशालीचे समर्थन मी वर ज्या आधारावर केले, तो आधार इथे अपुरा पडतो. एकाच ऐकणाऱ्यापुढे जे वाक्य प्रेमाचे, तेच दुसऱ्या ऐकणाऱ्यापुढे धोक्याचे ठरू शकते, आणि बोलणाऱ्याला ऐकणारे निवडता येत नाहीत. कान्टचा असो वा कर्णपर्वातला, दोन्ही दृष्टान्तांत सत्याचा व्यवहार दोन बाजूंमधला आहे. ओसरीवरचे सत्य हे अनेकांना एकाच नाण्यात फेडायचे ऋण आहे, आणि ते सर्वांना पुरेल असे नाणेच नाही. आईचे फेडले की भावाचे थकते. याला तोडगा असता तर तो मी लिहिला असता. मला एवढेच म्हणता येते की, भावाचे ऋण थकवणाऱ्यापेक्षा आईचे थकवणारा मला अधिक बरोबर वाटतो. कारण दुःख पुढे सोसता येते, मरण मागे घेता येत नाही. आणि हे म्हणताना आईच्या सोशिकपणावर आपण किती सहज भार टाकतो, हेही मला दिसते आहे.

इथे आणखी एक गृहीतक तपासायला हवे. आईपासून सत्य लपवले पाहिजे, ती कोसळेल, हे आपण कशावरून धरून चालतो? कॅप्टन कल्याण मुखर्जी हा बंगाली डॉक्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून मेसोपोटेमियात गेला. टाउनशेंडच्या सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनबरोबर तो कूतच्या वेढ्यात सापडला. त्याच वेढ्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणीही होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करेपर्यंत त्यांनी उपास काढले, आणि कैदेत त्याहून वाईट दिवस पाहिले. कल्याण १९१७ मध्ये रास-अल-ऐनच्या युद्धकैद्यांच्या छावणीत वारला. त्याने आईला जी पत्रे लिहिली त्यांत खुशालीला फारसे स्थान नाही. जखमींची दैना त्याने लिहिली. एवढेच नव्हे तर देशाभिमान म्हणून जे इंग्रजांनी आपल्याला शिकवले ते जमिनीच्या तुकड्यासाठी रक्त सांडण्याचे नाव आहे काय, असा प्रश्नही आईलाच विचारला. गोऱ्या साहेबाच्या गणवेशात राहून आईशी राष्ट्रवादावर वाद घालणारा हा मुलगा मला या साऱ्या पत्रलेखकांत विलक्षण वाटतो, कारण आईला सांभाळायची व्यक्ती न मानता त्याने तिला विचार करू शकणारी व्यक्ती मानले. ती पत्रे टिकली तीही घरातल्या एका स्त्रीमुळेच. त्याची आजी मोक्षदा देवी यांनी उतारवयात ती एकत्र करून ‘कल्याण-प्रदीप’ हे त्याचे चरित्र लिहिले आणि १९२८ मध्ये प्रसिद्ध केले. ब्रिटिश लायब्ररीतल्या त्या अहवालांशेजारी हे पुस्तक ठेवून पाहावे. दोन्ही ठिकाणी सैनिकाची पत्रे आहेत. एका ठिकाणी ती निवडणारा हात तपासनिसाचा आहे, दुसऱ्या ठिकाणी आजीचा. निवड दोघांनीही केली आहे, पण दुसऱ्या निवडीमागे कोणीतरी रडलेले आहे.

आणि आपण? सांगणारा, सेन्सॉर आणि घरचे यांच्यानंतरचे आपण चौथे वाचक. आपल्याला ही पत्रे मिळाली ती पाळत होती म्हणून. जी पत्रे निर्धोक ठरली, ज्यांत टिपून ठेवण्यासारखे काही नव्हते, ती पुढे गेली, गावी पोहोचली, वाचली गेली, आणि देव्हाऱ्यामागे किंवा पेटीच्या तळाशी वाळवीने खाल्ली. कागदपत्रांच्या दालनात जो सैनिक बोलतो तो पकडला गेलेला सैनिक आहे. वंचितांचा आवाज ऐकता येतो काय, या प्रश्नाची चर्चा गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांच्या १९८८ च्या निबंधानंतर आपल्याकडे पुष्कळ झाली; इथे त्या प्रश्नाला अधिक ठोस रूप आहे. आवाज ऐकू येतो, पण तो ज्याच्यासाठी होता त्याच्या आधी दुसऱ्यानेच तो ऐकला, त्याचे इंग्रजी केले आणि फाइलीत लावला. त्या इंग्रजीवरून मी इथे मराठीत लिहितो आहे. मूळ पंजाबी वाक्यात ‘कुशल’ होते की ‘खैर’, ‘राजी-खुशी’ होते की निव्वळ देवाचे आभार, हे त्या भाषांतराने पुसून टाकले, आणि ज्या शब्दाविषयी हा सारा लेख आहे तो शब्दच त्या पानांवर उरलेला नाही.

ओवेनच्या पत्रांनाही असा वाचक भेटला. भाऊ हॅरोल्ड याने जॉन बेल यांच्यासह १९६७ मध्ये ती संपादली तेव्हा काही मजकूर त्याने खोडून टाकला. घराण्याचाही एक सेन्सॉर असतो. आईने मात्र पत्रे जपली, मुलाने जिला खरे आणि अर्धे खरे दोन्ही सांगितले होते तिने. १९२० मध्ये सुझन ओवेन यांनी रवींद्रनाथ टागोरांना एक पत्र लिहिले. शेवटच्या वेळी युद्धावर निघताना आपल्या मुलाने ‘गीतांजली’तल्या ओळींनी निरोप घेतला होता आणि पुढे त्याचे टिपणवही घरी आले तेव्हा त्याच्या अक्षरात त्या ओळी, खाली कवीच्या नावासह, आपल्याला सापडल्या, असे त्यांनी कळवले. निरोपाच्या वेळी स्वतःच्या शब्दांत जे बोलता आले नाही ते त्याने एका परक्या, हिंदी कवीच्या शब्दांत बोलून ठेवले होते. तळघरातल्या पत्रात धोका नसल्याचे वाचणाऱ्या आईला तो निरोप आधीच मिळालेला होता.

सेन्सॉरच्या अहवालांत घरून आघाडीवर आलेल्या पत्रांचेही काही उतारे आहेत. महागाई, प्लेग, थकलेला पैसा, पत्र न आल्याची तक्रार. ओसरीवर ऐकणाऱ्यांना उत्तर द्यायचे असे तेव्हा त्यांनाही लिहिणारा शोधावा लागे, आणि तो लिहायला बसला की पहिल्या ओळीत काय घालायचे हे कोणालाच विचारावे लागत नसे.